धोका कमी

समजा, भर दुपारी तुमच्या घराचे सगळे पडदे ओढलेले आहेत आणि तुम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसला आहात. बोलायचं नाही. खुर्ची सरकवायची नाही. बटाट्याचे वेफर्स खायचे नाहीत, कारण ते कुरकुरतात. बसलात? आता तुमच्या शेजारी दहा वर्षांची ओपल टॅकेट बसली आहे. तिच्या उजव्या पायाला मघाशी मुंग्या आल्या होत्या. आता तो पाय बधिर झाला आहे. तरी ती तो हलवत नाही.

समोर आई होती. धाकटा वायली रडू नये म्हणून तिने त्याला उराशी धरलं होतं. आजोबा फ्रिजला टेकून पेंगत होते. ते घोरायला लागले की त्यांना कोपराने ढोसायचं, हे ओपलचं काम.

घराच्या वरच्या अंगाला बांध होता. मातीचा, गवताने झाकलेला. त्याच्यामागे मिस्टर ड्वेन प्रुइट यांचं खासगी तळं. उन्हाळ्यात शहरातली माणसं तिथे पोहायला, होड्या वल्हवायला, मासे धरायला येत. बांधाच्या पायथ्याशी, ओढ्याला लागून टॅकेटांचं पत्र्याचं घर होतं. ती जागाही ड्वेन यांचीच.

बांध बघायला सरकारी माणूस येणार असला की सकाळीच त्यांचा आईला फोन यायचा.

"टेस, पाहुणे येतायत गं. गाडी कोठाराच्या मागे लाव. आणि जरा झोपा काढा सगळ्यांनी!"

मग ते हसायचे. माणूस वाईट नव्हता. नाताळात हरणाचं मटण पाठवायचा, आजोबांना दवाखान्यात न्यायचा. पण एकदा दारात उभं राहून त्याने स्पष्ट सांगितलं होतं, "माझ्या बांधाला सरकारने शेरा दिलाय, 'धोका कमी'. तो शेरा बदलला, तर तुम्हाला दुसरं घर बघावं लागेल. माझा इलाज नाही."

पत्र्याचं घर सरकारला आवडत नसेल, असं ओपलला वाटायचं. शेरा मात्र तिला आवडायचा. शाळेत वहीवर 'उत्तम' मिळावं, तसा तो बांधाला मिळाला होता. पाऊस कोसळायला लागला की ती ते दोन शब्द मनात म्हणायची आणि तिला गाढ झोप लागायची.

बाहेर पाचोळा वाजला. पावलं घराकडेच येत होती. आजवर आलेले सरकारी लोक बांधावरूनच फोटो काढून परत जात. खाली कोणी उतरत नसे.

आईने ओपलकडे पाहिलं. "मागच्या दाराने जा," ती कुजबुजली. "सांग, गावातून मासे धरायला आलेय. इथे कोणी राहत नाही म्हणावं. जा, माझी शहाणी ती."

ओपल लंगडत बाहेर गेली.

बाहेर एक बाई उभी होती. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात काठी. केस पिकलेले.

"अगंबाई! तू कुठून उगवलीस?"

"गावातून, मॅडम. मासे धरायला आले."

"काय लागलं गळाला?"

"काहीच नाही."

"गळ घरी विसरून आलीस तर दुसरं काय लागणार?" बाई हसली. ओपलने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"या घरात कोण राहतं गं?"

"कोणी नाही, मॅडम."

"नक्की?"

"नक्की."

"बरं झालं. मग शेरा तसाच ठेवते. धोका कमी."

ओपलने श्वास सोडला. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही, पण काम झालं होतं. आता गप्प राहायला हवं होतं. तरी तिने विचारलं, कारण ते शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला तिला बरं वाटायचं.

"म्हणजे बांध चांगलाय ना?"

बाईने काठीने बांधाच्या पायथ्याकडे दाखवलं. सगळीकडे गवत वाळलं होतं, तिथेच तेवढं हिरवंगार होतं. ओपल तिथे बेडकांची पिल्लं पकडायची.

"तो ओलावा दिसतो? बांध आतून झिरपतोय. झाडांची मुळंही शिरलीत त्यात. बांध चांगला नाही, बाळा. तसं मी लिहीनच. पण अशा बांधांची यादी लांबलचक आहे. जिथे धोका जास्त, तिथली दुरुस्ती आधी."

"पण तुम्ही तर म्हणालात, कमी."

"ते बांधाबद्दल नसतं गं." बाई तिच्यासमोर उकिडवी बसली. हळू आवाजात, नीट समजावून सांगत म्हणाली, "बांध फुटला, तर पाण्याच्या वाटेत माणसं किती, हे त्यात बघतात. धोका कमी म्हणजे, इथे मरायला कोणी नाही."

ओपलला भीती वाटली नाही. रागही आला नाही. पायासारखंच आतही काही बधिर झालं होतं. तिने बांधाकडे पाहिलं, मग घराकडे. घर खरंच रिकामं दिसत होतं. त्यांनी ते फार चांगलं जमवलं होतं.

आतून आजोबांचं घोरणं ऐकू आलं. एकदा, मग पुन्हा. त्यांना ढोसायला कोणी नव्हतं.

बाईने मान वळवली. मग ती ओपलकडे बघत राहिली.

वाऱ्याचा आवाज आहे, असं सांगता आलं असतं. ओपलने बाईचा हात धरला. तिला मागच्या दाराशी नेलं. दार सताड उघडलं, बाजूला सरली आणि म्हणाली, "मॅडम, मोजा."