बसून खायचं

कळंबच्या आडत बाजाराशेजारी शिवलीलानं जपानी सुशीचं दुकान टाकलं. समुद्री शेवाळाच्या वाळवलेल्या पापुद्र्यात गुंडाळलेला भात, आत माशाऐवजी वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी. ओट्यापुढं चारच स्टूल. गाव हसलं. हसू दे, ती म्हणाली, आणि पहिल्या दिवशी तिनं एकट्या आईला, शांताक्काला बोलावलं.

शांताक्कानं पुढ्यात आलेले घास न खाता ताटलीच्या कडेला लावून ठेवले.

"आई, खात का न्हाईस?"

"तुझ्या आप्पांना नेते. त्यांचं झालं की उरलेलं मी खाईन की."

शिवलीलानं ताटलीच उचलून घेतली. पुढचा घास वळला आणि थेट आईच्या तळहातावर ठेवला. "इथं उरलेलं मिळत न्हाय. हातावर पडला की तोंडात घालायचा."

शांताक्कानं खाल्ला. चटणीनं डोळ्यांत पाणी आलं, तरी तिनं पुन्हा हात पुढं केला.

तेवढ्यात दारात आप्पा उभे राहिले. "घरी ताट कोण वाढणार? चल."

शांताक्का सवयीनं अर्धवट उठली. मग परत स्टुलावर टेकली.

"बसा जरा," ती म्हणाली. "माझं जेवण चाललंय."