सतरावं पत्र

हुक्केरी वकिलांनी मंगळवार पेठेतल्या ऑफिसात भिंतीला नवी फ्रेम लावली. जुन्या काळातल्या अमेरिकन जज्ज-वकिलांची हातानं लिहिलेली पत्रं जमवायचा त्यांना नाद होता. हे सतरावं.

समोर कुरुंदवाडच्या निर्मलाक्का बसल्या होत्या. शेजारच्या बाळासोबरोबर त्यांचा बांधाचा दावा बारा वर्षं चालला होता. आज परत पुढची तारीख पडली होती.

"कुणाचं हो पत्र?"

"दोनशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या जज्जाचं. सख्ख्या भावाला लिहिलंय."

"काय म्हणतोय?"

वकिलांनी चष्मा चढवला आणि इंग्रजीचं मराठी करत वाचलं, "शेजाऱ्यानं कुंपण चार हात आत सरकवलं असलं, तरी कोर्टात जाऊ नकोस. तिथं काय होतं ते मी रोज बघतो. त्याला जेवायला बोलव आणि मिटवून टाक."

मग ते कौतुकानं म्हणाले, "अक्षर बघा आक्का, कसं मोत्यासारखं हाय."

निर्मलाक्का उठल्या.

"माझी फाईल द्या वकीलसाहेब. बाळासो खाली चहा पितोय. दर तारखेला आमी दोघं एकाच वडापच्या जीपनं येतोय की."