आंब्याच्या चवीचं टॉनिक

पाहुणीने बाटली उन्हात धरून तिरकी केली. तळाशी विटकरी गाळ बसला होता.

"लोह भलतंच जास्त पडलंय," ती म्हणाली. "मोठ्यांना पचून जातं. लेकरांना नाही."

ध्रुतीने आत पडलेल्या लेकाकडे पाहिलं. चार वर्षांचा हेत पहाटेपासून ओकत होता. आणि सोसायटीतल्या अठरा घरांत हे टॉनिक गेलं होतं ते तिच्याच हातून. आणंदच्या या गल्लीत वर्षाचं तिखट, गहू, सगळं बायका मिळूनच भरत. पोरांचं टॉनिकही तिने तसंच एकगठ्ठा आणलं होतं. सकाळी फोनवर तिने विक्रेत्याला चांगलंच फैलावर घेतलं. "घाबरू नका बेन, मी वर कळवतो," तो म्हणाला, आणि दोन तासांत तपासणी खात्याच्या या पल्लवीबेन दारात हजर.

"एकही बाटली मागे राहायला नको," पल्लवीबेन म्हणाल्या. "तुम्ही सोबत चला. मला परकीला कोण देणार?"

दोघी दारोदार फिरल्या.

"अगं, अर्धी तर आमच्या म्हाताऱ्यानंच ढोसली!" रमीलाबेन कुरकुरल्या. "आंब्याची चव लागते म्हणे मेल्याला."

"मासी, थट्टा पुरे. द्या आधी."

"तू मागतेस म्हणून देते हं. दुसऱ्या कुणाला दिली नसती."

रिकामी खोकी, बिल, मापाचे चमचेसुद्धा पल्लवीबेननी पिशवीत भरले. निघताना त्यांनी हेतच्या कपाळावरून हात फिरवला. "उलट्या थांबल्या ना? मग उतरलं समजा. निजू दे बिचाऱ्याला."

ध्रुतीला हायसं वाटलं. लेकाच्या अंगावर पांघरूण घालून ती त्याच्याशेजारीच बसून राहिली.

चार वाजता हेत हाकेला ओ देईना.

दवाखान्यात डॉक्टर पारेखनी त्याची पापणी उलटून पाहिली, नर्सला सलाईन लावायला सांगितलं आणि फोन घेऊन बाहेर गेले. परत आले तेव्हा तो कानालाच होता.

"बाटली आणलीत ना? पोटात किती गेलंय ते कळायला हवं. बाकीच्या पोरांचंही पाहावं लागेल."

"बाटली कुठली, साहेब? मीच घरोघर जाऊन एकूण एक गोळा करून दिली. तपासणी खात्याच्या बेन सकाळीच घेऊन गेल्या."

डॉक्टरांनी फोन हळूच खाली घेतला.

"खात्याशीच बोलतोय मी, बेन. त्यांना हे आत्ता माझ्याकडूनच कळतंय."