पायांवरची अंघोळ

पाटावर बसलेल्या सासूबाईंच्या लांबवलेल्या पायांवर माझं दीड महिन्याचं बाळ होतं, आणि त्यांची मान छातीवर कलली होती. तांब्या गडगडत माझ्या पायाशी आला. बाळ घसरायच्या आत मी त्याला उचललं.

"डुलकी लागली गं," त्या ओशाळून म्हणाल्या. काल भाजी निवडतानाही लागली होती.

"उद्यापासून मीच घालते अंघोळ," हे ओठांवर आलेलं मी गिळलं. त्या ज्यात गोळ्या ठेवतात तो मिसळणाचा जुना डबा उचलला आणि त्यांना घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी त्यांची जुनी फाईल पाहून अकरा प्रकारच्या गोळ्यांतून एक वेगळी काढली. "ही झोपेची. पोटाच्या ऑपरेशननंतर पंधरा दिवसांसाठी दिलेली. तीन वर्षं घेताय?"

"बंद करा म्हणून कुणी सांगितलंच नाही."

"एकदम नाही, हळूहळू सोडवू."

दोन महिन्यांनी आज बाळाला पुन्हा त्यांच्या पायांवर ठेवलं. दारातून मात्र मला हलवेना. त्यांनी पाण्यात विसण घातलं, कोपर बुडवून पाहिलं.

"माझ्यावर काय नजर ठेवतेस? दूध करपतंय तुझं. मला इथवर वास आला."