वर उचललेला हात

या, जरा जवळ सरका. आपल्या बहरीनमधलीच, अगदी ताजी गोष्ट आहे.

हमद टाउन नवीनच वसतंय आणि त्याच्या कडेला दोन हजार वर्षांपूर्वीच्या, ग्रीकांच्या काळातल्या कबरी खणून काढतायत. इथे नर्स असलेली वसईची कॅथरीन एका शुक्रवारी तिकडे फिरायला गेली, तर कुंपणाशी तिला एक दगड दिसला. त्यावर कोरलेला माणूस उजवा हात वर करून उभा होता. चर्चमधले संत असाच आशीर्वाद देतात, म्हणून ती तिथेच गुडघे टेकून बसली. गावी तिची सहा वर्षांची पॅट्रिशिया हृदयाच्या ऑपरेशनसाठी थांबली होती आणि कॅथरीनला काही लीव्ह मिळत नव्हती. मग दर शुक्रवारी दोन बस बदलून ती यायची, मेणबत्ती लावायची अन् म्हणायची, "बाबा, माझ्या पोरीला सांभाळ."

ऑपरेशन होतं त्या शुक्रवारी म्हातारा राखणदार जवळ आला. "सिस्टर, ये कोई पीर नहीं. मरे हुए आदमी का पत्थर है. हाथ देखो, दे नहीं रहा, माँग रहा है."

कॅथरीन त्या दगडाकडे वळली.

"इतके आठवडे मीच मागत बसले रे," ती म्हणाली, "तुझ्यासाठी मागणारं कुणी उरलंच नाही." आणि पॅट्रिशियासाठी आणलेली मेणबत्ती तिने त्याच्यासाठी लावली.



ऑपरेशन कसं झालं, याची वसईहून तार अजून आलेली नाही; तोवर पोरीसाठी हात जोडाल, तेव्हा त्या बिननावाच्या माणसाचीही आठवण ठेवा.