हडळीचा हात

“आईंना भूतबंगल्याच्या गाडीत बसवा, तिथे हिसके नसतात,” सून नवऱ्याला म्हणाली आणि सगळे जत्रेतल्या उंच पाळण्याकडे पळाले.

अनसूयाबाईंची गाडी एकटीच अंधारात शिरली. सांगाड्यांचं कुटुंब टेबलाभोवती बसून एकमेकांना वाढत होतं. “निदान एकत्र जेवतायत,” बाई पुटपुटल्या. तेवढ्यात मागून हडळ किंचाळली आणि तिचा गार हात खांद्यावर पडला.

बाई दचकल्या, पण हलल्या नाहीत. नमस्काराला वाकणाऱ्यांचे हात पायांना लागत, तेही सणासुदीला. यजमान गेल्यापासून खांद्यावर कुणी हात ठेवला नव्हता. त्यांनी तो घट्ट धरला.

“किती गारठलीस गं! जेवलीस का?”

“आजी, सोडा ना,” हडळीच्या सोंगातली बाई कुजबुजली. “मागून गाडी येतेय.”

बाहेर सुनेने विचारलं, “फार घाबरलात का, आई?”

“हो गं, फार. भीती मोडायला पुन्हा एकदा जाऊन येते.”