बाईंच्या जागी

तीस वर्षं तिचं काम एकच. चित्रीकरणाचे दिवे जुळेपर्यंत नटीबाईंच्या जागी उभं राहायचं. दिवे जुळले, की बाई येत, खांद्यावर थाप मारून म्हणत, “सरक गं भवाने, मुळं फुटतील तिथं!” ती हसत बाजूला होई. बाई वारल्या, पण त्यांच्या चालू सिनेमाचं शेवटचं दृश्य राहून गेलं: खिडकीपाशी पाठमोरी उभी आई. दिग्दर्शक म्हणाला, “मावशी, बाईंचं उभं राहणं तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक?” तिनं बाईंची शाल पांघरली. दिवे जुळले. कॅमेरामन “तयार!” म्हणाला आणि ती सवयीनं बाजूला झाली. खिडकी रिकामी राहिली. दिग्दर्शक जवळ आला. “मावशी, आज कुणी यायचं नाही. तुम्हीच थांबायचं.” “हो रे बाबा,” म्हणत ती पुन्हा खिडकीपाशी गेली. पाठ तेवढी ताठ ठेवली. चेहरा कुणाला दिसणार नव्हता.